पाचव्या बाटलीचं पत्र

बारा वर्षांपूर्वी एक साधा ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना घड्याळजीच्या नाकातला वास घेऊन गेला. नाक जागेवर होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण त्या दिवसापासून ते फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं. दूध करपो, चादर जळो, त्याला पत्ता नाही. जिभेलाही फक्त आंबट, गोड, खारट एवढंच कळायचं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बायको म्हणाली, "येत नाही तोवर माझं वापरा."

बायकोचं नाक म्हणजे दोन माणसांना पुरून उरेल असं होतं. जिन्यावर पाऊल टाकलं की शेजारणीचं दूध नासलंय हे तिला कळायचं, आणि ती ते सांगायचीही, म्हणून शेजारीण तिच्याशी जरा जपूनच असायची. घड्याळजी तिला चिडवायचा, "नाक खुपसायचं ते किती खुपसायचं!" ती म्हणायची, "तुमच्या वाटणीचंही खुपसते, म्हणून डबल दिसतं."

आता तिच्या हट्टाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

शहराबाहेर टेकडीवर एक वाइनरी आहे. तिची साधी वाइन दुकानात मिळते. पण टेकडीच्या एका उतारावर जी द्राक्षं होतात, त्यांची वाइन दुकानात येत नाही. ती जाते फक्त यादीतल्या एकशेचाळीस घरांत, वर्षाला एक बाटली. हा उतार लावला तेव्हा अकरा मुली कामाला होत्या, आणि त्यातली एक घड्याळजीची बायको होती. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. खालच्या सहा रांगा तिच्या एकटीच्या हातच्या. बोटं थंडीने फुटली होती तरी एकही वेल वाकडा लागला नव्हता, हे तिने लग्नानंतर चाळीस वर्षांत चारशे वेळा सांगितलं असेल. कामगारांना वर्षाअखेर साधी बाटली मिळायची. उतारावरची कधीच नाही.

"जाऊन सांगू या ना," घड्याळजी म्हणाला होता. "म्हणावं, हिने वेल लावलेत, एक बाटली द्या. नाही म्हणतील का?"

"मजुरीण म्हणून हात पसरायला जायचं नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणून यादीत लागायचं. नियमाने. आणि मी तिथे कामाला होते हे एका अक्षराने कळवायचं नाही."

"मिळत नाही म्हणूनच गोड वाटते तुला. कोल्ह्याचं उलटं झालंय तुझं."

"कोल्ह्याने द्राक्षं लावली नव्हती. मी लावलीत."

घड्याळजीने अर्ज मागवला.

नियम विचित्र होता. यादीत जागा हवी असेल तर पाच वर्षं दरवर्षी त्यांची एक साधी बाटली घ्यायची, आणि ती कशी लागली ते एका कागदावर लिहून पाठवायचं. पाच बाटल्या, पाच पत्रं. पत्र अर्जदाराच्या स्वतःच्या हातचं हवं. वाचायच्या वाइनरीच्या मालकीणबाई स्वतः. जागा माणसाची, घराण्याची नाही. माणूस गेला की जागा रिकामी, मुलाबाळांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

चूक झाली ती इथे. बायकोचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं. घड्याळजीचं अक्षर मोत्यासारखं. घड्याळाच्या तबकडीवरचे पुसट आकडे ब्रशने पुन्हा काढणारा हात तो. "तुमच्याच नावाने भरा," ती म्हणाली. "माझं अक्षर बघून पहिल्याच वर्षी बाहेर काढतील. बाटली आली तर आपल्याच टेबलावर येणार ना?" आणि ज्याला कशाचाच वास येत नाही अशा माणसाचं नाव अर्जावर गेलं.

पण ती चार पत्रं लिहिताना काय मजा आली! बाटली यायची ती रविवारपर्यंत बंद ठेवायची. रविवारी दुपारी दुकान बंद करून तो टेबलाशी बसायचा, दुरुस्तीची जुनी पावती उलटी करायचा, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "हं, सांग." ती ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायची. मग सांगायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास आहे. शाळेच्या पहिल्या दिवसाचा." दुसऱ्या वर्षी, "इस्त्रीखालची ओली चादर." तिसऱ्या वर्षी ग्लास दोनदा हुंगून म्हणाली, "तापलेल्या दगडावर पाण्याचा शिपका मारला की येतो ना, तो. पण मागून येतो, आधी नाही."

घड्याळजी हे पक्कं लिहायला घ्यायचा तेव्हा त्याच्यातला साहित्यिक जागा व्हायचा. 'आल्हाददायक', 'मनोहारी' असले शब्द तो हळूच मध्ये सोडायचा. ती वाचून घ्यायची आणि म्हणायची, "हे कोण आलं मध्येच? खोडा त्याला." तो खोडायचा.

चौथ्या पत्रानंतर ती आजारी पडली. आजार असा की सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही आणि नंतर घेऊन उपयोग नव्हता. शेवटच्या महिन्यात तिला पाणीही चमच्याने द्यावं लागायचं. मुलगी येऊन राहिली होती. एका दुपारी बायको घड्याळजीला म्हणाली, "पाचवी आली का हो?"

"अजून वेळ आहे."

"आली की नुसती नाकाशी धरा माझ्या. तेवढ्यावर सांगेन मी."

बाटली आली तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते.

घड्याळजीने ती खोक्यासकट तीन आठवडे कपाटात ठेवली. मग पत्राची मुदत जवळ आली आणि त्याला वाटलं, हे एवढं एक काम तिचं राहिलंय, ते आपण पार पाडायचं. मालकीणबाईंना खरं सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. पण खरं सांगायचं म्हणजे चार वर्षं 'मला असं लागलं, मला तसं लागलं' म्हणून लिहिलं ते सगळं खोटं होतं हे कबूल करायचं. तिची चार वर्षं पाण्यात जातील, या भीतीने त्याने तोंड मिटून घेतलं.

त्याने बाटली उघडली, एक घोट घेतला. आंबट लागलं. बाकी काही नाही. मग त्याने ड्रॉवरमधून जुन्या पावत्या काढल्या. तिने सांगितलेलं सगळंच काही पत्रांत गेलं नव्हतं. उरलेलं पावत्यांच्या पाठीवर होतं. त्यातलं वेचून त्याने जोडलं, जुन्या घड्याळांचे भाग काढून एक चालू घड्याळ करावं तसं. फक्त सुरुवातीला एक वाक्य कमी पडत होतं. ते त्याने स्वतःचं घातलं: 'यंदाची बाटली पाचही वर्षांत सरस आहे.' सकाळी त्याने पत्र पेटीत टाकलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला जरा हलकं वाटलं.

दुपारी मुलगी डबा घेऊन आली. स्वयंपाकघराच्या दारातच तिने नाकाला पदर लावला.

"बाबा, काय सडलंय इथे?"

"कुठे काय?"

तिने ओट्यावरची बाटली उचलली, तोंडाशी नेली आणि झटकन लांब धरली. "ही! ओला पुठ्ठा कुजल्यासारखा वास येतोय. बूच बघा, आतून हिरवं झालंय. तुम्ही प्यायलात ही?" मग सवयीने बोलून गेली, "आईने तर दारातूनच ओळखलं असतं."

मुलीने बाटली मोरीत ओतली आणि खूप वेळ पाणी सोडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीने दुकानाला कुलूप लावलं आणि टेकडीची बस धरली. पत्राच्या आधी आपण पोचावं एवढाच त्याचा बेत होता. पण त्याचं नशीब टपालापेक्षा नेहमीच दोन पावलं मागे. वाइनरीच्या कचेरीत एका मोठ्या टेबलामागे मालकीणबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. समोर त्या दिवशीचं टपाल होतं आणि वरच त्याचं पाकीट, अजून बंद.

"ते माझं आहे," तो म्हणाला. "उघडलं नाहीत तर बरं होईल."

मालकीणबाईंनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "पत्र ज्याला लिहिलं त्याचं असतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते उघडलं. पहिलं वाक्य वाचून चष्मा काढला.

"पाचवी बाटली आम्ही बिघडलेल्या पिंपातली पाठवतो. मुद्दाम. एका वर्षी आमच्या तळघरात बुरशी शिरली होती. मी आणि माझे यजमान, दोघंही तेव्हा दवाखान्यात होतो. यादीतल्या एकशेचाळीस लोकांनी बाटल्या उघडल्या आणि सगळ्यांनी 'अप्रतिम' म्हणून कळवलं. एकाने म्हणून खरं सांगितलं नाही. अर्धं तळघर गेलं. तेव्हापासून हा नियम आहे. खराबला खराब म्हणेल तोच यादीत."

घड्याळजीला बायको आठवली. ती असती तर एका ओळीत काम झालं असतं. 'सडलीय, ओतून दिली.' एवढं लिहिलं असतं तिने, आणि चाळीस वर्षांची इच्छा पुरी झाली असती.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली. चारही पत्रं माझ्या बायकोची. ती सांगायची, मी लिहायचो. पाचवी आली तेव्हा ती नव्हती." मग त्याला राहवलं नाही आणि जे सांगायला तिने बंदी घातली होती तेही तो बोलला. "उताराच्या खालच्या सहा रांगा तिने लावल्यात. पण ते तुम्हाला सांगायचं नाही अशी तिची ताकीद होती. मजुरीण म्हणून नको होतं तिला. गिऱ्हाईक म्हणून हवं होतं."

मालकीणबाई उठल्या. भिंतीशी लाकडी कपाट होतं, त्याला दोन कप्पे. वरच्यातून त्यांनी एक कार्ड काढलं. त्यावर घड्याळजीचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"हे गेल्या वर्षीच लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या पत्रातला तो तापलेला दगड वाचला तेव्हापासूनच मनात होतं. तो वास आमच्या साध्या वाइनमध्ये नावापुरता आहे, खालच्या रांगांचे थोडे घड त्यात जातात म्हणून. इतक्या वर्षांत तो कोणी ओळखला नव्हता. पाचवं पत्र यायचं तेवढं बाकी होतं. पाचव्या पत्रात आम्हाला खरं हवं असतं, ते तुम्ही त्यांच्या वतीने आज येऊन सांगितलंत." त्यांनी कार्ड फाडलं, कोरं घेतलं. "त्यांचं पूर्ण नाव सांगा."

घड्याळजीने नाव सांगितलं. घरात तो तिला नुसतं 'अगं' म्हणायचा. तिचं पूर्ण नाव शेवटचं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, आणि आता ते गिऱ्हाईकांच्या कार्डावर आलं.

"गेलेल्यांची कार्डं खालच्या कप्प्यात जातात," मालकीणबाई म्हणाल्या. "नावावर रेघ मारून. तो नियम मला मोडता येणार नाही."

"मोडू नका. नियमानेच हवं होतं तिला." त्याने कार्डाकडे बोट केलं. "पण आजचा दिवस वरच्या कप्प्यात राहू द्याल? रेघ उद्या मारा."

म्हाताऱ्या बाईंनी कार्ड वरच्या कप्प्यात ठेवलं, कप्पा बंद केला आणि आत जाऊन एक बाटली घेऊन आल्या. "आज यादीत आहेत, तर आजची त्यांची बाटली निघते," त्या म्हणाल्या. "ही मेहेरबानी नाही. हिशेबात बसतं."

बसमध्ये त्याने बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या बाईला वाटलं असेल, म्हातारा काहीतरी ठिसूळ घेऊन चाललाय.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून टेबलावर होतं. त्याने हात धुतले, बूच काढलं, दोन ग्लास भरले. आपल्या ग्लासातला एक घोट घेतला. आंबट, आणि मागून किंचित गोड. त्यापुढे भिंत. उताराचा तो दगड तिथेच कुठेतरी असणार, त्याच्या जिभेवर, आणि त्याला तो सापडत नव्हता. तेव्हा मात्र त्याला रडू आलं. ती गेली तेव्हा आलं नव्हतं इतकं आलं.

मग त्याने चष्मा पुसला. दुसरा ग्लास तिच्या खुर्चीसमोर सरकवला. ड्रॉवरमधून एक जुनी पावती काढून उलटी केली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"हं," तो म्हणाला, "सांग."