वाढवणच्या खाजणातला मोजखांब

मी खोटं बोललो की नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मी सागाचा मोजखांब. अंगावर फुटांच्या काळ्या रेघा, मध्ये एक तांबडी. बावन्न साली सरकारी कारकून वासुदेवरावांनी मला वाढवणच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात, रोवलं. दर उधाणाला खारं पाणी माझ्या कुठल्या रेघेपर्यंत चढलं, ते पाहून ते वहीत लिहायचे.

पाणी आधी तांबड्या रेघेखाली राहायचं. मग रेघेला शिवलं, मग ओलांडूनच गेलं! समुद्र का फुगतोय, कोण जाणे. वासुदेवराव काळजीत, आणि मी तर पार गोंधळलेलो.

चौसष्टच्या उन्हाळ्यात, ओहोटीच्या वेळी वासुदेवरावांचे साहेब आले. हातात विमानातून काढलेला फोटो. त्यात बांधाआडचं बायजीचं भातशेत पाण्याखाली दिसत होतं.

"फोटो आणि वही एकच सांगतात. शेत बुडीत आहे. इथे मिठागर होईल."

बांधावरची बायजी पुढे झाली. तेवढंच शेत होतं तिचं. "अहो साहेब, भात कापलं की बांधातलं उघाडीचं दार मीच उघडते. पाण्याबरोबर कोळंबी येते आत. तवाच काढला असंल फोटो!"

"आणि वही?"

बायजी चिखलात उतरून माझ्याशेजारी उभी राहिली. "ही तांबडी रेघ माझ्या कमरेला लागायची. आता बघा, गुडघ्याला."

"मग बाई, तूच उंच झालीस!"

"या वयात?"

सगळे हसले. वासुदेवराव हसले नाहीत. धोतर खोचून ते गाळात उतरले आणि माझ्या पायाशी कोपरापर्यंत हात घातला. खालच्या दोन रेघा गाळात गेल्या होत्या.

"साहेब, पाणी चढलं नाही. खांबच खचलाय."

"म्हणजे बारा वर्षांची वही?"

"चुकीची. माझ्या हातची."

नोकरीवर बेतलं असतं, तरी त्यांनी तिथेच तसं लिहून दिलं. बायजीचं शेत वाचलं. मला उपटलं.

आता मी बांधावर आडवा पडलोय. देवाशपथ, खाली जातोय हे मला कळलंच नव्हतं हो! माझ्यामुळे एका बाईचं शेत जाणार होतं, याची लाज वाटते. पाण्याचं मला विचारू नका, बायजीला विचारा. बारा वर्षं ती माझ्या शेजारून ये-जा करत होती. तिला एकदाही कुणी विचारलं नाही.