पूल बंद, बस वेळेवर

जेवणाचे डबे उघडतायत तोच डेपोत निरोप आला. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी उद्यापासून बंद. बस वळसा घालून जाणार, म्हणजे पुलापुढच्या प्रत्येक थांब्याची वेळ बदलणार. आणि प्रत्येक फेरीची एक्सेल फाइल वेगळी. अशा शेकडो.

"वाटून घ्या," साहेब म्हणाले. "होतील तेवढ्या करू. बाकीचं कंडक्टर तोंडी सांगतील."

"मी प्रोग्रॅम लिहून बघू का?" वेळापत्रकं करणारी वहिनी म्हणाली. नवरा इथेच ड्रायव्हर, म्हणून सगळा डेपो तिला वहिनी म्हणायचा. हल्ली ती नणंदेकडून पायथन शिकत होती. नणंद मास्तरीण म्हणून कडक. चूक झाली की स्वतः दुरुस्त करायची नाही, हिलाच शोधायला लावायची.

साहेबांनी होकारार्थी मान डोलावली. वहिनीने आधी सगळ्या फाइलींची कॉपी काढली, मग लिहायला बसली: फाइल उघड, पुलाचा थांबा शोध, तो काढ, त्याच्या पुढच्या वेळा वाढव, सेव्ह कर. डबा तसाच राहिला.

चहाच्या सुमारास तिने प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर फाइलींची नावं भराभर सरकली आणि थांबली.

"झालं?" शेजारच्या टेबलावरच्या नानांचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा लावून फाइली तपासायला घेतल्या. दोन-चार बरोबर निघाल्या. मग ते म्हणाले, "वहिनी, इथे वेळा जुन्याच आहेत."

तिने नीट पाहिलं. बाकीच्या फाइलींत तास आणि मिनिटांमध्ये दोन टिंबं होती, इथे एकच. प्रोग्रॅमला ती वेळ वाटलीच नव्हती.

"ह्या कोणी भरल्यात?"

नाना कान खाजवत म्हणाले, "मीच. दोन टिंबांचा मला कंटाळा."

वहिनी खळखळून हसली. एक टिंब असलं तरी ती वेळच समजायची, एवढं तिने प्रोग्रॅममध्ये घातलं आणि मूळ फाइलींवरून पुन्हा चालवला. आता नानांना खोट सापडेना. दिवेलागणीला नवी वेळापत्रकं थांब्याथांब्यावर लागली होती.

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी संपवून नवरा तिच्या टेबलाशी आला.

"काय झालं?" तिने धास्तावून विचारलं.

"काही नाही. पुलापुढच्या प्रत्येक थांब्यावर माणसं नव्या वेळेलाच उभी होती. कोणाचीच तक्रार नाही."

मागून साहेब म्हणाले, "वहिनी, हे बाकीच्यांना कधी शिकवताय?"

"आजच बसू," ती म्हणाली आणि नानांसाठी खुर्ची ओढली.