झाकण उघडं ठेवा

“वास येईल हो, वास!” मास्तर उठून म्हणाले आणि सभागृहातल्या साऱ्या माना डोलल्या.

इंजिनिअर बिचारा भिंतीवरच्या नकाशावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होता. घरोघरचे मैल्याचे खड्डे बुजवायचे, भुयारी नळ टाकायचे, गावाच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र बांधायचं. खड्ड्यांतलं पाणी विहिरींत उतरतंय, हेही सांगून झालं. पण जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढणारा. एकाला रस्ता खणलेला नको, दुसऱ्याला परसातलं झाड गेलेलं नको. वास तर कुणालाच नको.

शेवटच्या बाकावर पंपवाला बसला होता. गावाचे खड्डे उपसणारा हा एकटाच उरलेला. वरचं पाणी पंप ओढतो. तळाचा गाळ मात्र माणसालाच उतरून खरवडावा लागतो. उतरण्याआधी झाकण रात्रभर उघडं ठेवायचं, आतली विषारी हवा जाऊ द्यायची, हा त्याचा आणि दादाचा, दोघा भावांचा नियम होता. गेल्या वर्षी मास्तरांकडे पाहुणे जेवायला आले. वास नको म्हणून त्यांनी संध्याकाळी झाकण लावलं आणि सकाळी पंपाची गाडी दिसल्यावर पुन्हा बाजूला सरकवून ठेवलं. उघडं झाकण बघून दादा उतरला. उतरला तो उतरलाच.

तेव्हापासून पंपवाला खाली गेला नव्हता. नुसतं पाणी ओढायचा आणि कोणी गाळाचा विषय काढला की म्हणायचा, “नळ येणारच आहेत, थांबा थोडं.” नळ आले की आपल्या पोटावर पाय येणार, हे त्याला कळत होतं. येऊ दे म्हणायचा. उपाशी माणूस निदान वर तरी असतो.

तो चाचरत उठला. “वासाचं म्हणाल तर...”

“अरे, तुझ्या नाकाला काय कळणार वासातलं!” पुढून कोणीतरी म्हणालं. लोक पोट धरून हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत, नकाशाकडे बघत राहिले.

“केंद्र हवं त्यांनी हात वर करा,” अध्यक्ष म्हणाले.

त्याने हात वर केला आणि खिडकीशी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. दादाच्या बायकोचा हात तरी आपल्या बाजूचा, अशी त्याची खात्री होती. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते. नको म्हणणाऱ्यांची पाळी आली तेव्हा त्यांतला एक वर गेला. योजना नामंजूर झाली.

“असं का केलंत, वहिनी?” घरी जाताना त्याने विचारलं.

“मग काय करू, भावजी? गावाचं टोक म्हणजे कुठं? आपलंच दार ना? ह्यांचा जीव घेऊन गावाचं पोट भरलं नाही. आता सगळा मैला माझ्या लेकीच्या उशाशी आणून ठेवतायत.”

वहिनींचंही खरंच होतं. त्या खोटं बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. दादा गेला त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा निरोप आला. खड्डा गळ्यापर्यंत तुंबलाय, या खेपेला गाळ काढायलाच हवा. झाकण रात्रभर उघडं ठेवतो, असंही त्यांनी कळवलं होतं. आता थांबा म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

सकाळी तो पोचला तर वहिनी खड्ड्यापाशी उभ्या होत्या.

“तुम्ही इथं कशाला?”

“दोर कोण धरणार? कोणी मिळालंय का?”

कोणीच मिळालं नव्हतं. वहिनींनी त्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि दुसऱ्या टोकाचे वेढे आपल्या मनगटाला घातले.

“बोलत राहा, भावजी. आवाज थांबला की ओढीन.”

“काय बोलू?”

“काहीही.”

त्याने पाय आत सोडले. मास्तरांच्या घराच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. वहिनी खड्ड्याच्या काठावर पाय रोवून, वाकून उभ्या राहिल्या.

“आहात ना?”

“आहे, वहिनी,” खालून आवाज आला. “आहे.”