मनोगतातला परिच्छेद

"घरी चालू करून बघितलीत का?" रुमालातली हार्ड डिस्क उलटीपालटी करत दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"मी नाही, ह्याने. चार वेळा," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की त्याने मुकाट्याने मोबाइल खिशात टाकला.

"टक-टक वाजत होती ना? मग कशाला पुन्हा पुन्हा? दर वेळी आतली चकती ओरखडते. आता मी काय बोलणार?" दुरुस्तीवाला म्हणाला. मग बाईंचा चेहरा बघून जरा नरमला. "काकू, सगळं येईलच असं नाही. नेमकं हवंय तरी काय?"

"एक पान. मनोगत. आणि त्यातलाही शेवटचा परिच्छेद."

एका पानासाठी एवढा खटाटोप! पण त्या पानावर मास्तरीणबाईंचं सगळं अडलं होतं.

त्यांचे यजमान शिवणकामाचा क्लास चालवायचे. गावभर 'मास्तर' म्हणून नाव. बावीस वर्षांपूर्वी त्यांचं पुस्तक निघालं, शर्टापासून कोटापर्यंत मापं कशी घ्यायची, कापड कसं कापायचं, सगळं आकृत्यांसकट. अजूनही शिकणारी पोरं तेच पुस्तक उघडून बसतात. आणि ते लिहिलं कुणी? बाईंनी. गळ्याची गोलाई किती, बाहीला सैलपणा किती, एकेक माप त्यांनी जुन्या चादरी कापून कापून पडताळलेलं. कॉम्प्युटरवर टाइपही त्यांनीच केलं. मास्तर लांबूनच म्हणायचे, "मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तूच बस." आणि त्या बसायच्या, रोज दुपारी, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत.

मात्र मनोगत मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. खुर्चीमागे उभं राहून, एकेक शब्द. शेवटचा परिच्छेद बायकोबद्दलचा होता. तो टाइप करताना बाईंना अक्षरं दिसेनाशी झाली होती. पुस्तक छापून आलं, तेव्हा तो परिच्छेद नव्हताच. "प्रकाशकाने उडवला," मास्तर म्हणाले. "म्हणे जागा नव्हती. काय करणार?" त्या दिवसापासून बाईंनी त्या प्रकाशकाचं नाव टाकलं. तो वारला, तरी त्या भेटायला गेल्या नाहीत. मेल्यावरसुद्धा त्याला दोन शब्द ऐकवले, घरातल्या घरात.

मास्तरांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्या मुखपृष्ठावर मास्तरांच्या खाली 'सुधारणा' म्हणून मुलाचं नाव येणार होतं. कुणाचं, तर ज्याला तुटलेलं बटण लावता येत नाही त्याचं! मग मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्या तडक प्रकाशकाच्या पुतणीकडे गेल्या. धंदा आता तीच बघायची. पोरगी गोड बोलली. "काकू, आमच्याकडचे जुने कागद केव्हाच रद्दीत गेले. मूळ मनोगत कुठे असेल तर दाखवा, तुमचं नाव सगळ्यांच्या वर घालते." म्हणून माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली आला, म्हणून मुलाने चार वेळा वाट लावली आणि म्हणून ही वारी या दुकानात.

आठ दिवसांनी फोन आला. बाईंनी मुलाला ऑफिसातून अर्धी रजा काढायला लावली. "तू चल. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मला वेड लागलंय म्हणून बायकोला सांगत बस."

दुरुस्तीवाल्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. मनोगत जसंच्या तसं आलं होतं.

"वाच," बाई मुलाला म्हणाल्या. "मोठ्याने."

त्याने घसा साफ केला. "'या पुस्तकातील प्रत्येक माप माझ्या पत्नीने काढले, कापून पाहिले, चुकले तेथे पुन्हा काढले. मी ते फक्त शिकवले.'"

"हं! आता बोल."

बाईंचे डोळे निवले. बावीस वर्षं या चार ओळींवर त्या जगल्या होत्या. जगाने नाही तर नाही, ह्यांनी तरी कबूल केलं होतं, एवढं त्यांना पुरलं होतं.

दुरुस्तीवाला भला माणूस. त्याने आपला भलेपणाच केला. "काकू, आणखी एक निघालंय. कुणीतरी पुसलेलं, पण पुसलं म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढतात, आत सामान तसंच असतं. प्रकाशकाच्याच नावाचं पत्र आहे. उपयोगी पडेल."

पत्र उघडलं. काना-मात्रा गळालेल्या, एकेक अक्षर दोन-दोनदा उमटलेलं. बाईंच्या हातचं असं काही गेलंच नसतं. या खेपेला त्यांनीच वाचलं, मनातल्या मनात, पण हळूहळू त्यांचे ओठ हलायला लागले.

'मनोगतातला शेवटचा परिच्छेद छापू नये. बायकोच्या समाधानासाठी सांगितला होता. मापे तिचीच आहेत हे खरे, पण तसे छापल्यास उद्या मला मास्तर कोण म्हणेल? जागा नव्हती असे तिला सांगेन. आपण सांभाळून घ्यावे.'

खाली तारीख होती. त्या आठवड्यात बाई माहेरी होत्या, आईच्या उशाशी. आई त्या दुखण्यातून उठलीच नाही.

मुलाने मागून वाचलं होतं. त्याचा चेहरा पडला. "आई, तुझं नाव लागेल. मी आजच सांगतो, माझं काढायला लावतो. पण हे पत्र... हे पुसून टाकू या ना. बाबा आता नाहीत. लोक काय म्हणतील त्यांना?"

"नाव तर लागेलच. त्याचसाठी आले होते मी."

त्या पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. त्यांना रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता आणि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस शिल्लक नव्हता. बावीस वर्षं भलत्याच माणसाला शिव्याशाप दिले, त्या वेगळ्याच.

"काय हो," त्यांनी दुरुस्तीवाल्याला विचारलं, "ज्याला टायपिंगचा गंध नाही, एकेक अक्षर शोधावं लागतं, त्याला एवढं पत्र लिहायला किती वेळ लागेल?"

"जुना कॉम्प्युटर, जुना फॉन्ट..." तो चाचरला. "तीन तास कुठे गेले नाहीत, काकू."

"तीन तास," बाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "माझी आई गेली, तेव्हा तुझे बाबा आले आणि तासाभरात परत फिरले. क्लास बुडतो म्हणाले. आणि इथे तीन तास बसले, माझ्या चार ओळी काढायला."