धाकटीची जागा

"श्वास रोखून धरू नकोस गं. नंतर गुंड्या तुटतील आणि बोलणी मला बसतील," शिंपीणबाई म्हणाल्या. धाकटी खुदकन हसली. तिच्या छातीभोवती टेप होती आणि खाटेवर पांढरं कापड उलगडून पडलं होतं.

ताई कामावरून आली ती दारातच थांबली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात असलं कापड रोज तिच्या हाताखालून जायचं. दुसऱ्यांच्या अंगावरचं, दुसऱ्यांच्या घामाचं.

"प्रवेशाचा अजून पत्ता नाही आणि गणवेश कसला शिवताय?" तिने विचारलं.

"कापड स्वस्तात मिळालं," आई म्हणाली. "आणि आज ना उद्या होणारच आहे की. तू आहेस ना धावपळ करायला."

ताई मोरीत गेली. सोड्याने सोललेल्या हातांवर तिने गार पाणी घेतलं. बाहेर शिंपीणबाई म्हणत होत्या, "पोरीला पांढरा रंग काय खुलतो हो."

धावपळ तीच करत होती, हे खरं. धाकटी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तिला नर्सिंग करायचं होतं, आणि फीचं नाव काढलं की घरात सगळे ताईकडे बघत. तिने बँकेचे उंबरे झिजवले. तिथल्या साहेबांनी जामीनदार मागितला आणि वर सहज विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?" ताईला तिशी उलटून फार दिवस झाले नव्हते. ती काकांकडे गेली. काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू," आणि काकांचा पुढचा महिना कधी उजाडत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. एका संस्थेच्या बाईंनी धाकटीचे गुण पाहून तोंड भरून कौतुक केलं, आणि मग सांगितलं की त्यांची मदत फक्त अनाथ मुलींना असते. जिथे जावं तिथे धाकटीचं कौतुक. सोबत आलेली बाई कोण, काय शिकलीय, हे कुणी विचारलं नाही.

बारावी तर तीही झाली होती, आणि तीही सायन्सने. तिचंही नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात वडिलांचं एक अंग लुळं पडलं. फीसाठी ठेवलेलं औषधात गेलं, वडीलही गेले, आणि ती धुलाईखान्यात लागली. त्या वेळी धाकटी पाटी घेऊन शाळेत जात होती. कुणी ताईवर जबरदस्ती केली नव्हती. कुणी तिला विचारलंही नव्हतं.

एके दिवशी दुपारी मुकादम तिच्यापाशी आला. वाफेने त्याचा चष्मा कायम धुरकट असायचा. तो पुसत म्हणाला, "अगं, आपल्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत यंदापासून एक जागा बिनफीची आहे. कामगाराला, नाहीतर त्याच्या घरातल्याला. जो पहिला मागेल त्याची. तुझ्या बहिणीचं काम झालं समज."

ताईला खरंच आनंद झाला. घरी जाताना तिने धाकटीसाठी पांढरे मोजेही घेतले.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीला नर्सिंग शाळेचे प्रवेश बघणाऱ्या मेट्रनबाईंना भेटवायला घेऊन गेली. वाटेत धुलाईखाना लागतो. तिथे नुकताच शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या रक्ताळलेल्या कपड्यांचा गठ्ठा सोडला होता. धाकटीने लगेच नाकाला रुमाल लावला आणि मेट्रनबाईंच्या दारापर्यंत तो काढला नाही.

"आज रुमाल लावलास, वॉर्डात काय करशील?" ताई म्हणाली.

"तिथे धुवायचं थोडंच असतं, ताई."

मेट्रनबाई जुन्या, शांत बाई. त्यांनी धाकटीची चौकशी केली, मग ताईकडे वळल्या. "तुम्हाला मी कित्येक वर्षं बघते. कधी दुसरं काही करावंसं वाटलं नाही?"

ताईने तोंड उघडायच्या आत धाकटीच म्हणाली, "तिला नाही हो तसलं काही. तिला इथंच आवडतं. सवयच झालीय तिला."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. ती हसून, प्रेमानेच बोलली होती. पण ताई आतून पेटली. बँकेतल्या साहेबाने आई म्हटलं तेव्हा ती पेटली नव्हती, शिंपीणबाईंच्या टेपकडे बघताना नुसतीच धुमसली होती.

"बरं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मग नाव कुणाचं घालू?"

"माझं," ताई म्हणाली.

मेट्रनबाईंनी मान वर केली. "तुमचं? बारावी झालीय का?"

"झालीय. सायन्स."

"वयाची अट असते."

"पस्तिशीपर्यंत चालतं. मी बसते त्यात."

हे तिला पाठ होतं. दर वर्षी शाळेच्या फळ्यावर प्रवेशाची सूचना लागली की चादरींची गाडी ढकलता ढकलता ती तेवढी एक ओळ वाचून पुढे जायची.

धाकटी आधी हसली. मग तिला कळलं की ही थट्टा नाही. बाहेर आल्यावर ती पुढे चालत राहिली आणि धुलाईखान्यापाशी नाकाला रुमाल लावायचंही विसरली.

घरी सगळं ऐकून आई म्हणाली, "तिच्या तोंडचा घास काढलास तू. थोरली बहीण ना तू?"

"आणि माझ्या तोंडचा गेला, तेव्हा तू काही बोलली होतीस?"

"तेव्हा इलाज नव्हता."

"आता होता. पहिल्यांदाच होता, आई."

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या धाकटीने विचारलं, "आणि घर कोण चालवणार?"

"मुकादमाकडे माझी जागा रिकामी होईल, ती तुला मिळेल. माझं शिकून झालं, नोकरी लागली, की तुझी फी मी भरेन."

"उपकार," धाकटी म्हणाली.

त्या रात्री ताईला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर त्याचीच तिला लाज वाटली. तरी मेट्रनबाईंकडे जाऊन नाव मागे घ्यावं, असं तिच्या मनात आलं नाही. आलं असेल तर तिने ते फार वेळ राहू दिलं नाही.

गणवेश शिवून तयार होता, तो ताईला होईना. शिंपीणबाईंनी शिवणी उसवल्या. आत चार बोटं कापड ठेवलं होतं म्हणून निभावलं. या वेळी माप घेताना त्या रंगाबद्दल काही बोलल्या नाहीत. पांढरे मोजे धाकटीने खाटेवर ठेवून दिले होते, घडीसुद्धा न मोडता. तेही ताईनेच घातले.

वर्गात सगळ्या मुली तिच्याहून लहान. त्या तिला मावशी म्हणू लागल्या, आणि तिने म्हणू दिलं. पाठांतर तिला जड जायचं, पण ती मागे हटली नाही. पहिल्या परीक्षेत पास झाल्याचं तिने घरी सांगितलं, तेव्हा आईने "बरं झालं" म्हटलं आणि धाकटी उठून पाणी भरायला गेली.

थंडी सरता सरता ताईला पुरुषांच्या वॉर्डात शिकायला नेमलं. एका सकाळी ती म्हाताऱ्या पेशंटची नाडी बघत होती, आणि चादरींची गाडी आत आली. गाडी धाकटी ढकलत होती. केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात लाल. नाकाला काही नव्हतं. ताईच्या डोक्यापासून पायापर्यंत तिने एकदा नजर फिरवली. बिल्ल्यावर नजर किंचित थांबली आणि खाली वळली. त्या नजरेत काय होतं, हे ताईला कुणी सांगायला नको होतं; शिंपीणबाईंच्या टेपकडे ती स्वतः तशीच बघत राहिली होती.

"सिस्टर, चादरी आणल्यात," धाकटी म्हणाली.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर कपाट उघडत धाकटीला म्हणाल्या, "तोंडावळा अगदी एक आहे गं तुमचा. तुझी कोण लागते ही?"

धाकटीने गाडीवरचा गठ्ठा उचलला. "कुणी नाही. सिस्टर आहेत."

ताईच्या बोटांखाली म्हाताऱ्याची नाडी चालूच होती. तिला ती पहिल्यापासून मोजावी लागली. मग तिने त्याचा हात पांघरुणात ठेवला आणि ती कपाटापाशी आली. खालचा कप्पा जमिनीलगत होता. ती गुडघे टेकून बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

धाकटी गठ्ठा धरून उभी राहिली. मग तिने तो ताईच्या हातांवर ठेवला आणि दुसरा आणायला वळली.