एक्केचाळीसवर थांबलेला काटा

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे, पण वाजले किती हे मला विचारू नका. ते मला सांगता येत नाही. सकाळ कोणती आणि संध्याकाळ कोणती, हेही मला कळत नाही, कारण मी स्टॉपवॉच आहे. कोणीतरी सुरुवात करते, कोणीतरी थांबते, आणि मधे किती सेकंद गेले ते मी दाखवतो. जास्त सेकंद चांगले की कमी, हे मला पूर्वी पक्के ठाऊक होते. आता ठाऊक नाही. असे का झाले, ते सांगतो.

मी तळहातात मावेल एवढा आहे. तोंडावर सेकंदांचा लांब काटा, आणि त्याच्या खाली लहान वर्तुळात मिनिटांचा बारीक काटा. डोक्यावर एकच बटण. ते फिरवले की मला किल्ली मिळते. एकदा दाबले की मी चालू लागतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो. तिसऱ्यांदा दाबले की काटा शून्यावर जातो आणि आधीचे सगळे पुसले जाते. हे तिसरे दाबणे तेवढे लक्षात ठेवा.

माझी उमेदीची वर्षे बरण्या भरण्याच्या कारखान्यात गेली. माझे साहेब तिथे कामाचा वेळ मोजत. कोण किती सेकंदांत काय करते ते कागदावर उतरवायचे आणि ते सेकंद कमी करून दाखवायचे, हीच त्यांची नोकरी. कामगार त्यांना पाठीमागे सेकंदसाहेब म्हणत. आम्ही दोघे दारात दिसलो की कोणीतरी हळूच म्हणे, "आले गं. कुणाला खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या."

बरण्यांना झाकणे लावायच्या टेबलावर आठ बायका बसत. त्यात एक मावशी होत्या. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा असा चाले की मला श्वास घ्यायला वेळ मिळत नसे.

"साहेब, मी नाक खाजवलं तर तेही मोजता का?" त्यांनी एकदा विचारले.

"मोजतो," साहेब म्हणाले.

"मग उद्यापासून घरूनच खाजवून येते."

सगळे टेबल हसले. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी बटण दाबले. एका झाकणाला इतर बायकांना पाच सेकंद लागत. मावशींना साडेतीन लागले. साहेबांनी साडेतीन हा आकडा कागदावर लिहिला आणि तोच सगळ्या टेबलाचा आकडा ठरला. पुढच्या महिन्यात त्या टेबलावर सहाच बायका उरल्या. मावशींच्या शेजारी बसणारी त्यांची डावखुरी मैत्रीण तो आकडा न गाठल्यामुळे घरी पाठवली गेली होती. मावशींसाठी मात्र सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना त्यांच्या शेजारी कोणी बसेना.

मित्रांनो, त्या दिवशी माझीही काच मऊ फडक्याने पुसली गेली. कमी म्हणजे चांगले, हे मी तेव्हा शिकलो. रिकाम्या दोन स्टुलांकडे मी पाहिले नाही. मला पाहायला कोणी सांगितले नव्हते.

मग साहेबांच्या बायकोला मोठे दुखणे आले. ऑपरेशननंतर त्यांच्या पायांत बळ उरले नाही. साहेब त्यांना रोज रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत नेत. तिथे कमरेएवढ्या उंचीचे दोन लांब दांडे होते. दोन्हीकडे दांडे धरून आधी उभे राहायचे, आणि मग हळूच हात सोडायचे. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, किती वेळ उभ्या राहतात ते जरा बघा."

साहेबांनी सवयीने मला खिशातून काढले. बाई उभ्या राहिल्या आणि लगेच बसल्या.

"किती?"

"अकरा सेकंद," साहेब म्हणाले. मग तोंडातून निघून गेले, "उद्या कमी करू."

बाई एवढ्या हसल्या की ताईंना त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरावा लागला. "अहो, मी काय बरणी आहे का? इथं वाढवायचंय."

मला काहीच समजेना. मी तोच होतो, काटा तोच होता, साहेब तेच होते. मग वाढल्यावर टाळ्या कशा वाजतात? मला वाटले, माझ्याच आत कुठेतरी चाकाचा दाता झिजला असेल. पण रोज तसेच होऊ लागले. पंधरा झाले तेव्हा बाईंनी साहेबांना डोळा मारला. तीस झाले तेव्हा घरी गोड करायला सांगितले. एका शनिवारी एक्केचाळीस झाले.

"बस्स," बाई म्हणाल्या. "उरलेले सोमवारी."

साहेबांनी मला थांबवले आणि खिशात ठेवले. सोमवारी बाईंना अंथरुणातून उठताच आले नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या.

माझा काटा एक्केचाळीसवरच राहिला. साहेबांनी शर्ट बदलला की मी जुन्या खिशातून नव्या खिशात जाई, पण बटणाला कोणी हात लावत नसे. काही दिवसांनी साहेब कामावर गेले. कामगाराच्या मागे उभे राहून त्यांनी मला बाहेर काढले, पाहिले आणि परत ठेवले. असे तीन दिवस चालले. कागद कोराच राहिला. शेवटी व्यवस्थापकांनी त्यांना बोलावले.

"घड्याळ बिघडलंय का? दुसरं देतो."

"घड्याळ दुसरं नको," साहेब म्हणाले. "काम दुसरं हवं."

"या वयात? आणि कुठलं काम?"

साहेबांनी खिशावरून हात फिरवला. त्यांनाही ते ठाऊक नसावे. मला तर अजिबातच नव्हते. मग ते म्हणाले, "ती जिथं उभी राहायला शिकत होती, तिथं एक माणूस कमी आहे."

अशा रीतीने साहेब व्यायामाच्या खोलीत मदतनीस झाले. खुर्च्या ढकलायच्या, पट्टे बांधायचे, तोल गेला तर धरायचे. सुरुवातीला त्यांना हे काही जमले नाही. म्हाताऱ्या माणसांना ते "चला, चला, आटपा" म्हणत. ताई म्हणत, "काका, इथं कुणाची गाडी सुटत नाहीये." साहेब ओशाळत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच करत. वेळ ते भिंतीवरच्या घड्याळात पाहत. मी खिशात एक्केचाळीस धरून बसलेला. मी कामाचा आहे की आठवणीचा, हे मला कोणी सांगत नव्हते.

एके दिवशी चाकाच्या खुर्चीतून एक बाई आल्या. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांच्या उजव्या बाजूतले बळ बरेचसे गेले होते. साहेब पट्टा घेऊन पुढे झाले आणि तिथेच थबकले. त्या झाकणांच्या टेबलावरच्या मावशी होत्या.

"हा माणूस नको मला," मावशी म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "ताई, हा मोजायला आलाय."

ताईंना काही कळले नाही. त्यांनी मावशींना समजावले, "मावशी, पुढच्या आठवड्यात डॉक्टर बघायला येणार आहेत. आधाराशिवाय एक मिनिट उभ्या राहिलात तर तुम्ही तुमच्या घरी जाल. नाहीतर एकटं राहता येणार नाही. भावाकडे जावं लागेल."

"भावजयीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून बसू? मरेपर्यंत?" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दांडे धरले. पण साहेब समोर आले की मावशींची नजर त्यांच्या खिशाकडे जाई आणि तोल सुटे. आठ सेकंद, नऊ सेकंद, की बसल्या. आठवडा संपत आला तरी दहाच्या वर आकडा जाईना. ताईंनी दुसरा माणूस मागितला, पण तो मिळाला नाही.

डॉक्टर येण्याच्या आदल्या दिवशी मावशींनी साहेबांच्या खिशाकडे बोट दाखवले. "तेच घड्याळ आहे ना? खिसा फुगलेला दिसतोय. मनातल्या मनात मोजताय तुम्ही."

साहेबांनी मला बाहेर काढले. थोडा वेळ तळहातावर धरले. मग खाली वाकून मला मावशींच्या मांडीवर ठेवले.

"तुम्हीच मोजा," ते म्हणाले.

"मी?"

"पाय तुमचे आहेत."

मावशींनी मला उजव्या हातात घेतले. साडेतीन सेकंदांत झाकण लावणारा तो अंगठा आता बटणापर्यंत पोचायलाच कितीतरी वेळ घेत होता. "हा काटा मधेच का उभा आहे? दाबलं की शून्यावर जाईल ना?"

"थांबा," साहेब म्हणाले.

मावशींनी वर पाहिले. साहेबांचा हात माझ्याकडे निघाला होता. मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटत होते ते अजून नीट सांगता येत नाही. काटा शून्यावर गेला तर बाईंचे एक्केचाळीस कुठे जाणार? आणि गेला नाही, तर मी या मावशींच्या काय उपयोगाचा? दोन्ही खरे वाटत होते.

साहेबांनी हात मागे घेतला. "दाबा," ते म्हणाले.

अंगठा घसरला, पुन्हा आला, आणि काटा शून्यावर गेला. साहेबांनी मला किल्ली दिली आणि परत मावशींच्या हातात ठेवले. ताईंनी आणि त्यांनी मिळून मावशींना उभे केले आणि सावकाश हात काढले. मावशींनी बटण दाबले. मी चालू लागलो.

मावशी समोर बघून बोलू लागल्या. "माझा हात मोजलात आणि माझ्याच मैत्रिणीला घरी पाठवलंत. डावखुरी होती ती. तुमचं टेबलच उजव्या हाताचं. तिला पाच सेकंद लागायचे त्यात तिचा काय दोष? त्यानंतर तिनं माझं तोंड पाहिलं नाही. टाळ्या वाजवल्यात माझ्यासाठी. त्या टाळ्यांनी माझा डबा एकटीचा केला. हे मोजलं होतं का तुमच्या घड्याळानं?"

"नाही," साहेब म्हणाले. "चूक माझी होती. घड्याळाची नव्हती."

"मधे बोलू नका. माझं व्हायचंय."

चाळीस झाले. एक्केचाळीस माझ्या काट्याखालून निघून गेले, आणि साहेबांनी तेवढ्यापुरते डोळे मिटले. मावशी बोलतच होत्या. टेबलाची उंची, पाणी प्यायची वेळ, सुजलेली मनगटे, सगळे त्यांनी काढले. ताई जवळ उभ्या होत्या, पट्ट्यापासून वीतभर अंतरावर हात धरून.

"मावशी," शेवटी ताई हळूच म्हणाल्या, "किती झाले बघा तरी."

मावशींनी खाली पाहिले. बारीक काटा एकच्या पुढे सरकला होता आणि लांब काटा पंधरावर होता.

"बसायचं का?" ताईंनी विचारले.

"बसते. पण बोलून झालेलं नाही. उरलेलं उद्या ऐका."

"ऐकतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि मग आपल्या घरी गेल्या. पुढे साहेबांच्या हाती ती सगळी खोली सोपवली गेली. नव्या मदतनिसांना ते पहिल्याच दिवशी सांगतात, की घड्याळ आपल्या हातात ठेवायचे नाही, जो उभा राहतोय त्याच्या हातात द्यायचे. त्यामुळे मी आता रोज दहा-पंधरा हातांतून फिरतो. काही हात थरथरतात, काही मला पाडतात. काचेला तडा गेला आहे आणि मी मिनिटाला अर्धा सेकंद मागे पडतो. कोणी तक्रार करत नाही. हेही मला जरा विचित्रच वाटते.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखे एखादे घड्याळ तुमच्या हाती आले तर त्याला जपून किल्ली द्या, फार पिळू नका. ओल्या हाताने धरू नका. आणि ते कोणासमोर धरण्याआधी त्या माणसाला विचारा, की तुला कमी करायचे आहेत की वाढवायचे? मला विचारून उपयोग नाही. मला अजून नक्की कळलेले नाही. साहेबही कधीकधी खोली बंद करण्याआधी मला हातात घेतात, किती वेळ कोण जाणे, आणि बटण न दाबता नुसतेच उभे राहतात.