वयाचा रकाना

बायको गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात रुग्णालयातली एक नर्स घरी आली. विषाणूच्या न्यूमोनियाने दाखल झालेल्यांत कोण वाचलं, कोण नाही आणि का, याची पाहणी चालली होती. फॉर्म चार पानी होता. माझी थोरली बहीण समोरच बसली होती. ताई हल्ली रोज येते, मी जेवतो की नाही ते बघायला.

“काका, काकूंना साखर होती?”

“होती.”

“विडी-सिगरेट?”

“छे! ह्यालासुद्धा गच्चीवर हाकलायची ती,” ताई म्हणाली.

नर्सने ‘घरात धूम्रपान’ समोर माझ्या नावाने खूण केली.

“वय बासष्ट. बरोबर?”

मी ताईकडे पाहिलं. ताईनेच मान हलवली.

बायको सदुसष्टची होती, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न ठरवताना तिच्या घरच्यांनी पाच वर्षं कापली होती. लग्नानंतर आठवड्याभरात तिने मला खरं सांगितलं. “तुमच्या ताईंना कळलं तर मी या घरात तोंड दाखवणार नाही,” असंही सांगितलं. अडतीस वर्षं मी ते पाळलं. दाखल करताना ताई सोबत होती आणि घाईत आधार कार्ड घरी राहिलं होतं. वय तोंडी विचारलं. बायको मास्कच्या आतून म्हणाली, “बासष्ट.” श्वास पुरत नव्हता, पण आकडा चुकला नाही. मीही काही बोललो नाही.

नर्स निघाली तसा मी तिच्यामागे जिना उतरलो. खाली माझं शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान आहे. तिला स्टूल दिलं आणि खरं वय सांगितलं.

तिने बासष्ट खोडून सदुसष्ट लिहिलं आणि बाजूला सही केली.

“याने काय फरक पडतो?” मी विचारलं.

“पासष्टच्या वर धोका वाढतो. दाखल करतानाच आम्ही गुण देतो. श्वास, रक्तदाब, वय. गुण जास्त झाले की अतिदक्षता विभागात लवकर हलवतात.”

“तिला तिसऱ्या दिवशी हलवलं.”

“हो, लिहिलंय इथे.”

“खरं वय सांगितलं असतं तर?”

तिने टेबलावरच्या बॉबिनी सारून फॉर्म ठेवला. “कदाचित पहिल्या दिवशी. वाचल्या असत्या असं नाही म्हणत मी. एका माणसाचं नाही सांगता येत, काका. पाहणीतल्या साडेचारशे जणांचं मिळून सांगता येतं.”

“मग त्या साडेचारशेंत तरी तिला नीट धरा.”

“धरते,” ती म्हणाली.

वर आलो तेव्हा ताईने ताट वाढलं होतं.

“एवढा वेळ काय करत होतास खाली?”

“तिच्या घरचं मशिन टाके सोडतंय. विचारत होती.”

“बरी आहे की! फॉर्मच्या निमित्ताने फुकट सल्ला.” ताईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाली, “बासष्ट म्हणजे काय जायचं वय होतं रे?”

“नाही,” मी म्हटलं आणि जेवायला बसलो.